अमेरिका हा विषय घेऊन पदवी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात परदेशातील पदवी शिक्षणाची माहिती देताना ‘अमेरिकन स्टडीज’ या बहुविद्याशाखीय मेजरचा (म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा) आम्ही एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रांचा आशय राखून ती येथे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बारावी कला शाखेत आहे. मला इतिहास, साहित्य आणि समाजशास्त्र हे तिन्ही विषय आवडतात. अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात अमेरिकन संस्कृतीचा अनेक विद्याशाखांतून अभ्यास करण्याचे मेजर आहे. त्यात नेमके काय शिकवतात? सगळ्यातले थोडे थोडे शिकून शेवटी एकही विषय धड येणार नाही, अशी माझ्या आईला भीती वाटते. (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : आईची भीती अनाठायी नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो, पण त्याआधी अभ्यासक्रमाची रचना समजून घेऊ. अमेरिकेत पदवी सर्वसाधारणपणे चार वर्षांची असते आणि त्या काळात साधारण १२० क्रेडिट पूर्ण करावी लागतात. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश क्रेडिट मेजर विषयाची असतात आणि बाकीची भाषा, विज्ञान, गणित व ऐच्छिक विषयांत विभागलेली असतात. मेजर कोणते, हे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचे असते, त्यामुळे आज बारावीत असताना तुम्ही जन्माचा निर्णय घेत आहात असे समजण्याचे कारण नाही.

अमेरिकन स्टडीजचा काही विद्यापीठांत स्वतंत्र विभाग असतो, तर काही ठिकाणी इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र, कलेचा इतिहास, संगीत, धर्माचा अभ्यास अशा विभागांतील प्राध्यापक मिळून तो कार्यक्रम चालवतात आणि एकच तासिका दोन-दोन विभागांच्या यादीत दिसते. येल आणि ॲमहर्स्ट येथे या नावाचे मेजर आहे. हार्वर्डमध्ये पदवी पातळीवर त्याच्या जवळचा ‘इतिहास आणि साहित्य’ हा अभ्यासक्रम १९०६ पासून चालू आहे. नावांवर फार जाऊ नये. पहिल्या टप्प्यात एक-दोन पायाभूत पाठ, मग पुराव्याशी कसे वागायचे हे शिकवणारा सेमिनार, मग विद्यार्थ्याने निवडलेला एखादा रोख (स्थलांतर, वंश, शहर, धर्म, दृश्यकला यांपैकी काही) आणि शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध किंवा तत्सम मोठे काम, असा साधारण क्रम असतो.

आता भीतीबद्दल. पाच वस्तादांकडे जाऊन एकेक डाव शिकून आलेला मुलगा आखाड्यात उभा राहू शकत नाही, हे कोल्हापुरात कोणाला समजावून सांगायला नको. यादीतून आवडेल तो पाठ उचलत गेलेल्या विद्यार्थ्याचे तसेच होते. ही पदवी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती एखादी लहान, ठोस गोष्ट घेऊन तिच्यामागे प्रत्येक शास्त्राच्या दारापर्यंत जाण्याची सवय लागली तर. ‘अमेरिकन स्वप्न’ किंवा ‘अमेरिकन व्यक्तिवाद’ असले आकाशाएवढे विषय पहिल्या वर्षाच्या मुलांना फार मोहात पाडतात आणि त्यांतून बहुधा हाती काही लागत नाही.

उदाहरणादाखल रेल्वेचा एक डबा घेऊ. जॉर्ज पुलमन यांनी १८६७ मध्ये शयनयाने बांधणारी आणि चालवणारी कंपनी काढली. दिवसा समोरासमोर असलेल्या बैठका रात्री जोडल्या की खालचा बिछाना होई, छताला दुमडून ठेवलेला वरचा बिछाना खाली ओढला जाई आणि दोन्हींपुढे जाड पडदा सोडला जाई. हे सगळे करणारा, प्रवाशांचे बूट रात्रीतून पॉलिश करून ठेवणारा आणि घंटी वाजताच हजर होणारा पोर्टर हा कृष्णवर्णीय असे. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने गेली होती आणि नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना पुलमनने मुद्दाम या कामावर घेतले. प्रवासी त्यांपैकी कोणालाही ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत आता पगारी नोकराला लागू झाली होती.

इथवरचा भाग वस्तुरचनेचा आणि भाषाव्यवहाराचा झाला. अर्थशास्त्र घेतले की वेगळे प्रश्न उभे राहतात. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरल्याशिवाय जादा कामाचा मोबदला नाही आणि मूळ वेतन इतके कमी की बक्षिसीशिवाय घर चालत नाही, अशी नोकरी माणसे का धरून ठेवत होती? कारण तिला पर्याय असलेले काम याहून वाईट होते, आणि गणवेश घालून देशभर फिरणाऱ्या पोर्टरला त्याच्या वस्तीत मान होता. कामगार चळवळीचा इतिहास पाहावा तर १८९४ मध्ये शिकागोजवळच्या पुलमन वसाहतीतील कारखान्यात मजुरी कापली गेली, कंपनीच्या घरांचे भाडे मात्र तेवढेच राहिले आणि त्यातून प्रचंड संप झाला. पण त्या संपामागच्या रेल्वे युनियनने कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते. म्हणजे मालकाविरुद्धचा लढा आणि वर्णाची भिंत एकाच वेळी, एकाच रुळावर उभी होती.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हाच डबा न्यायालयात सापडतो. १८९२ मध्ये होमर प्लेसी यांनी लुइझियानात पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या डब्यात बसून स्वतःला अटक करवून घेतली. तो ठरवून केलेला सत्याग्रह होता आणि वेगळे डबे जोडण्याचा खर्च नको असल्याने रेल्वे कंपनीचीही त्याला आतून सहानुभूती होती. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरले आणि शाळांच्या बाबतीत ते १९५४ पर्यंत मोडीत निघाले नाही. पत्रकारितेचा अभ्यासक याच डब्यात १९०५ मध्ये निघालेले ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र शोधतो, कारण त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोहोचवत ते पोर्टर, आणि ते वाचून उत्तरेकडे निघालेल्या लाखो माणसांचे स्थलांतर हा पुढच्या अर्धशतकाच्या संगीताचा, धर्माचा आणि मतदानाचा पाया आहे. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची युनियन स्थापन झाली आणि १९३७ मध्ये तिने कंपनीकडून करार मिळवला. १९४१ मध्ये याच रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगातील वर्णभेदाला बंदी घालणारा हुकूम काढावा लागला. १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार उभा करणाऱ्यांत पुढे असलेले ई. डी. निक्सन हेही पुलमन पोर्टरच होते.

हे वाचताना कोल्हापूरच्या मुलीला जे सुचेल ते ओहायोच्या मुलीला सुचणार नाही. १९०१ मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. गाडीत काही अडले नाही. अडले ते फलाटावर, स्टेशनमास्तरने जात विचारल्यावर. त्यानंतर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनी स्वतः बैल हाकावेत, आपण शेजारून चालावे, या अटीवर एक जण कबूल झाला. बाबासाहेबांनी स्वतःच ही आठवण लिहून ठेवली आहे. मसूर आपल्या मिरज-पुणे मार्गावरच आहे. तिकडे कायद्याने डबा वेगळा केला होता, इकडे डबा एक होता पण बैलगाडी मिळत नव्हती. हा फरक का पडला, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो आणि तो तुमच्याइतक्या हक्काने मांडणारा विद्यार्थी त्या वर्गात बहुधा दुसरा नसेल.

तेव्हा महाविद्यालय निवडताना तीन गोष्टी विचारा. पद्धतींचा सेमिनार सक्तीचा आहे का, शेवटचा प्रबंध सर्वांना लिहावा लागतो की फक्त विशेष श्रेणी हवी असणाऱ्यांना, आणि पाठ निवडताना सही करणारा सल्लागार प्राध्यापक खरोखर बसून चर्चा करतो की ऑनलाइन अर्जावर टिचकी मारून मोकळा होतो. या तिन्हींची उत्तरे गुळमुळीत आली, तर आईचे म्हणणे ऐका आणि सरळ इतिहास घ्या.

प्रश्न : मुलगी हट्टाला पेटली आहे. आमचा यंत्रमागाचा लहान व्यवसाय आहे. अशा पदवीवर तिकडे नोकरी लागते का? कर्ज काढावे का? (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर : स्पष्टच लिहितो. तिथल्या अनेक खासगी महाविद्यालयांचा शिकवणी, राहणे आणि जेवण धरून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे आणि पदवीला अशी चार वर्षे लागतात. विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांना पदवीनंतर विषयाशी संबंधित काम करण्याची सवलत साधारणपणे बारा महिन्यांची असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांतील पदवीधरांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात, पण अमेरिकन स्टडीज त्या यादीत बसत नाही. पुढे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसासाठी पदवी आणि काम यांचा थेट संबंध दाखवावा लागतो, तोही या विषयात सहजासहजी दाखवता येत नाही. हे नियम वरचेवर बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाच्या मुंबई कार्यालयात चौकशी करावी. ही संस्था दोन्ही सरकारांच्या १९५० च्या करारातून निर्माण झालेली आहे आणि तिथला सल्ला कोणाच्या दलालीवर चालत नाही.

या विषयाचे पदवीधर पुढे कायद्याच्या शिक्षणाकडे, पत्रकारिता, संग्रहालये, अभिलेखागारे, प्रकाशन, अध्यापन आणि सार्वजनिक धोरणाच्या कामाकडे वळतात. यांतील बहुतेक वाटांवर आणखी एक पदवी घ्यावी लागते. म्हणून घर किंवा माग गहाण ठेवून ही पदवी करू नये, असे माझे मत आहे. मात्र सगळी दारे बंद आहेत असेही नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट यांसारख्या थोड्या संस्था प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही आर्थिक स्थिती विचारात घेत नाहीत आणि प्रवेश मिळाल्यावर गरजेइतके साहाय्य देतात. तिथे निवड होणे अतिशय कठीण आहे, पण झाली तर पैशाचा प्रश्न उरत नाही. दुसरी वाट दुहेरी मेजरची. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र जोडून घेतले तर वर सांगितलेल्या अडचणींची धार बरीच कमी होते, आणि जनगणनेचे तक्ते वाचता येणाऱ्या संस्कृती-अभ्यासकाचे लेखनही अधिक भक्कम होते. मुलीशी भांडण्यापेक्षा या दुसऱ्या वाटेवर तिच्याशी बोलावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. जो देश आपले सिनेमे आणि शीतपेये जगभर विकतो, त्याच्या संस्कृतीचा पुन्हा पदवी घेऊन अभ्यास करायचा, हा त्याचा प्रचारच नव्हे काय? (एक वाचक, कागल)

उत्तर : काही काळ तो प्रचाराच्या बराच जवळ होता, हे कबूल करायलाच हवे. सुरुवात मात्र तशी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकन विद्यापीठांतील इंग्रजी विभाग इंग्लंडच्या साहित्याला मान देत आणि स्वतःच्या देशातील लेखकांना उपरे समजत. त्या तुच्छतेविरुद्ध काही तरुण प्राध्यापकांनी साहित्य आणि इतिहास यांची सांगड घालायला सुरुवात केली. हार्वर्डमध्ये १९३० च्या दशकात अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाचा संशोधन कार्यक्रम निघाला आणि १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांनी त्यातील पहिली डॉक्टरेट मिळवली. पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीच्या स्वप्नावरचा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढची पंधरा-वीस वर्षे या विषयाचा तोच साचा राहिला. या विषयाचे त्रैमासिक १९४९ मध्ये आणि संघटना १९५१ मध्ये सुरू झाली.

हीच शीतयुद्धाची वर्षे होती. ‘सोव्हिएत रशियापेक्षा आमची जीवनपद्धती वेगळी आणि श्रेष्ठ आहे’ हे जगाला सांगण्याची सरकारला निकड होती आणि हा नवा विषय त्या कामाला सोयीचा वाटला. युद्धाने होरपळलेल्या ऑस्ट्रियात १९४७ मध्ये साल्झबर्गला त्याचे वर्ग भरले. आपल्याकडे १९६४ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उघडले. तिथल्या ग्रंथालयात संशोधनासाठी जाऊन राहिलेले मराठी प्राध्यापक अनेक आहेत. पैसा कुठून येत होता याचा एक आडवळणाचा दाखलाही देतो. पीएल ४८० या योजनेखाली अमेरिकन गहू भारताला रुपयांत विकला जाई आणि त्या रुपयांतील काही भागातून १९६२ पासून अमेरिकेच्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊ लागली. त्या काळातील कितीतरी मराठी पुस्तके आज आपल्या वाचनालयांतून गहाळ झाली आहेत, पण अमेरिकन विद्यापीठांच्या कपाटांत शाबूत आहेत. याला प्रचार म्हणावे की उपकार, हे तुम्हीच ठरवा. मला त्यात दोन्ही दिसते.

या विषयाचा तोंडवळा बदलला तो विद्यार्थ्यांमुळे. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट येथील कृष्णवर्णीय, लॅटिन, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. ‘अमेरिकन संस्कृती’ म्हणून जे शिकवले जाते त्यात आम्ही कुठे आहोत, हा त्यांचा प्रश्न होता. संप १९६९ च्या मार्चपर्यंत चालला आणि त्यातून वांशिक समूहांच्या अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. त्यानंतर ‘एक देश, एक मन’ अशा थाटाचे लेखन या क्षेत्रात कोणी गंभीरपणे करू शकले नाही. आज या मेजरच्या वर्गात मूलनिवासींच्या जमिनी, गुलामगिरी, कामगारांचे संप, परदेशांतील लष्करी तळ हे विषय इतके असतात की तक्रार उलट बाजूने येते : हे लोक देशाची फक्त निंदाच शिकवतात, असे तिथले अनेक राजकारणी म्हणतात. तेव्हा प्रचाराचा आक्षेप घेणारे आता दोन्हीकडे आहेत. ज्या शिक्षकाच्या वर्गात दोघांनाही पुरावा मागितला जातो, तो वर्ग बरा.

प्रश्न : मी कोल्हापुरातच बी. ए. करते आहे. बाहेर जाणे शक्य नाही. इथे राहून हा अभ्यास करता येईल का? (एक विद्यार्थिनी, शाहूपुरी)

उत्तर : त्या नावाची पदवी इथे मिळणार नाही, पण अभ्यास जरूर करता येईल, आणि खरे सांगायचे तर कोल्हापूरकडे त्यासाठी जी सामग्री आहे ती पाहता या विषयाकडे इथे इतके दुर्लक्ष का झाले याचे मला नवल वाटते.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापूर संस्थानात आले. पुढे हे मिशन अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला आणि १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून त्याने परदेशी मिशनकार्यासाठी स्वयंसेवक विद्यार्थ्यांची जी चळवळ उभी केली, तिने पुढील काही दशकांत हजारो अमेरिकन तरुणांना आशिया-आफ्रिकेत धाडले. अमेरिकेच्या धार्मिक इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचा नायक असा आपल्या शहरात वाढला. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय आणि कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालय ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. या मिशनरींचे अहवाल आणि पत्रव्यवहार फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन ऐतिहासिक संस्थेत जतन केले आहेत. दरवर्षी मायदेशी पाठवलेल्या अहवालांत ते कोल्हापूरचे जसे चित्र रंगवत, त्यावरून कोल्हापूरइतकेच, किंबहुना जास्त, देणग्या देणाऱ्या अमेरिकेतील मंडळींचे मन कळते. कशाचे वर्णन केले की वर्गणी येते, हे त्यांना नेमके माहीत होते. ही पत्रे आणि त्याच काळातील संस्थानच्या दफ्तरातील नोंदी समोरासमोर ठेवून वाचणे, हे काम कोल्हापूरच्या विद्यार्थिनीनेच करावे असे आहे.

दुसरा धागा आनंदीबाई जोशी यांचा. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाच्या, स्त्री विभागावर नेमले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी गेलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. राज्यकारभार, घरे आणि गृहस्थिती, शिक्षण, धर्म व दानधर्म, व्यापार आणि विशेषतः स्त्रियांच्या संघटना अशी त्याची मांडणी आहे. आज ज्याला बहुविद्याशाखीय म्हणतात ते रमाबाईंनी कोणत्याही विभागाची परवानगी न घेता केले, आणि तेही अमेरिकन विद्यापीठांत हा विषय निघण्याच्या चाळीस-पन्नास वर्षे आधी. सुरुवात करायची तर या ग्रंथापासून करा. कौतुकाच्या भरात त्यांनी काय पाहिले आणि काय निसटले, याची टिपणे करत वाचा.

त्याच्या जोडीला महात्मा फुले यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ घ्या. ती त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. पण त्यानंतर चारच वर्षांनी दक्षिणेतून केंद्राचे सैन्य माघारी गेले आणि मुक्त झालेल्या लोकांचे हक्क पद्धतशीर काढून घेतले जाऊ लागले. ज्या अमेरिकेला जोतीरावांनी पुस्तक अर्पण केले ती किती काळ टिकली, हा प्रश्न मराठी वाचकाने विचारलेला मला फारसा दिसला नाही. पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा अर्थशास्त्र मुख्य विषय असूनही त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अनेक विषय घेतले. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ ड्यूई यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले आणि १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. चार वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचे नेतृत्व जाहीरपणे स्वीकारले. या दोन तारखांच्या मधली चार वर्षे हाही एक विषय आहे.

व्यवहाराचे म्हणाल तर सध्याच्या मेजर-मायनर रचनेत इतिहास मेजर आणि इंग्रजी किंवा समाजशास्त्र मायनर ठेवता येते का, हे महाविद्यालयात विचारा. शिवाजी विद्यापीठातील बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर या दोन ठिकाणी बसायची सवय लावून घ्या. प्रकल्प पंचवीस पानांचा झाला तरी चालेल, पण त्यात आधी कोणी न पाहिलेला निदान एक कागद असावा.

प्रश्न : माझे चुलते न्यू जर्सीत चाळीस वर्षांपासून आहेत. अमेरिकेतील मराठी लोक हा अमेरिकन संस्कृतीचा भाग म्हणून अभ्यासाचा विषय होऊ शकतो का? (एक विद्यार्थी, गडहिंग्लज)

उत्तर : होऊ शकतो, आणि तिकडे आशियाई-अमेरिकन समूहांच्या अभ्यासात तो होतोही. मात्र गणेशोत्सवाच्या छायाचित्रांवरून सुरुवात करू नका. आधी कायदा पाहा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातील ‘गोरा’ या व्याख्येत बसत नाही असा निर्णय दिला. थिंड यांच्या बाजूने झालेला युक्तिवाद आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, या मुद्द्यावर उभा होता; म्हणजे वर्णभेदातून सुटण्यासाठी जातीचा दाखला पुढे केला गेला. नागरिकत्वाचे दार १९४६ मध्ये किलकिले झाले आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्याने डॉक्टर, अभियंते यांना वाट मोकळी झाली. तुमचे चुलते ज्या पिढीचे आहेत तिची निवड या कायद्याने केलेली आहे, तेव्हा शिकलेली माणसेच तिकडे का दिसतात याचे उत्तर गुणांत शोधण्याआधी तिथे शोधावे.

मग त्यांच्याशी फोनवर सविस्तर बोला. पहिले घर भाड्याने कोणी दिले आणि कोणी नाकारले, कोणत्या शेजाऱ्यांशी येणेजाणे होते, मुलांना मराठी शाळेत कोण आणि कधी सोडत असे, मंडळाच्या वर्गणीवरून काय वाद झाले, इकडून नवीन आलेल्या माणसाला जात कशी विचारली जाई, असे नेमके प्रश्न लिहून ठेवा. त्यांची परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक मुद्रणावर तारीख आणि ठिकाण नोंदवा आणि चुलतींशी स्वतंत्रपणे, चुलते खोलीत नसताना बोला.